न आलेला अंक

इंद्रजाल कॉमिक्सचा शेवटचा अंक १९९० साली निघाला, तेव्हा तो शेवटचा आहे हे तो विकत घेणाऱ्या वाचकांना ठाऊक नव्हते. पुढच्या आठवड्यात अंक आला नाही, त्याच्या पुढच्याही आठवड्यात आला नाही, आणि असे बरेच आठवडे लोटल्यावर मागच्या अंकाला 'शेवटचा' हे विशेषण आपोआप चिकटले. मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना वेताळ, मॅन्ड्रेक आणि बहादूर यांची ओळख करून देणारी मालिका सव्वीस वर्षे चालून अशी निमूटपणे नाहीशी झाली. तिचा मृत्युलेख त्या वेळी माझ्या वाचनात आला नाही. आता मी जे लिहीत आहे त्यालाही मृत्युलेख म्हणता येणार नाही, कारण त्याला फारच उशीर झालेला आहे.

चित्रकथा हा विषय एका धर्मगुरूने लेखासाठी निवडावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या काळी वडीलधारी मंडळी या अंकांना 'चित्रांची पुस्तके' म्हणत आणि त्या दोन शब्दांत पुरेसा तुच्छभाव भरलेला असे. परंतु गेल्या नाताळात माझ्या बहिणीच्या घरी एका चित्रकथेच्या शेवटच्या खंडावरून जो पेच उभा राहिला, त्याने मला इतक्या वर्षांनी त्या जुन्या अंकांकडे परत नेले. त्या पेचाकडे पुढे येईनच. आधी आमच्या गावाविषयी आणि त्या अंकांविषयी थोडे सांगायला हवे.

धामणगाव नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. आमच्या धामणगावाला मात्र 'रेल्वे' हे आडनाव आहे, जसे ते शेजारच्या चांदूरलाही आहे. मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी बडनेरा सोडते, चांदूर रेल्वे मागे टाकते, धामणगावला येते आणि पुढे वर्धा नदीचा पूल ओलांडून पुलगावला लागते. यवतमाळकडचे लोक गाडी धरायला एस.टी.ने आमच्या स्टेशनावर येत. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या यंत्रांची घरघर गावभर चाले आणि वाऱ्यावर रुईचे तंतू तरंगत. बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते. क्वार्टरच्या मागच्या दारातून रूळ दिसत, आणि गेलेली गाडी कोणती हे आई भांडी घासता घासता नुसत्या आवाजावरून सांगत असे. त्या क्वार्टरांत आमच्यासारखी दोन-तीन ख्रिस्ती कुटुंबे होती. महिन्यातून एकदा फादर येत आणि आळीपाळीने एकेकाच्या घरी मिस्सा होई.

फलाटावर पुस्तकांचा एक लहानसा लाकडी स्टॉल होता. त्याच्या फळीवर नागपूरची दैनिके, रेल्वेची वेळापत्रके आणि हिंदी कादंबऱ्या मांडलेल्या असत, आणि वर एका दोरीला चिमटे लावून इंद्रजालचे मराठी अंक टांगलेले असत. अंकांचा गठ्ठा गाडीने येई. गठ्ठ्याची सुतळी सुटण्याआधी मी तिथे हजर असे. अंकाची किंमत दोन रुपयांच्या आसपास होती. पगाराच्या आठवड्यात बाबा अंक विकत घेऊन देत. उरलेल्या आठवड्यांत स्टॉलवाले काका मला बाजूच्या बाकावर बसून फुकट वाचू देत. अट एवढीच, की पानाचा कोपरा दुमडायचा नाही आणि बोटांना शेंगदाण्याचे मीठ लागलेले असता कामा नये. "पयले हात दाखव," असे म्हणून ते तळहात तपासत आणि मगच अंक देत. वेदीजवळ सेवा करणाऱ्या मुलांचे हात मी पुढे याच रीतीने तपासत आलो आहे, पण ते असो.

माझी धाकटी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिला वाचता येत नव्हते तेव्हा मी चित्रांवर बोट ठेवून तिला वाचून दाखवत असे. वाचता येऊ लागल्यावरही तिने तो हक्क सोडला नाही. मला वेताळ प्रिय, तर तिला बहादूर. बहादूर हा अस्सल भारतीय नायक. आबिद सुरती यांनी डिसेंबर १९७६ मध्ये त्याला इंद्रजालमध्ये आणले. अंगात केशरी कुर्ता, खाली जीन्सची पँट. डाकूचा मुलगा असून तो डाकूंविरुद्ध नागरिक सुरक्षा दल उभे करतो. त्याची मैत्रीण बेला त्याच्या बरोबरीने लढे, आणि बहिणीचे खरे लक्ष बेलाकडेच असे.

इंद्रजालची मूळ इंग्रजी आवृत्ती मार्च १९६४ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या प्रकाशकांनी, म्हणजे बेनेट, कोलमन आणि कंपनीने सुरू केली. पहिल्या अंकात वेताळाच्या कंबरपट्ट्याची कथा होती, आणि पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचेच होते. नंतर मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, गार्थ ही मंडळी आली, आणि हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा भाषांतूनही अंक निघू लागले. आरंभी मासिक असलेला अंक पाक्षिक झाला आणि ऐंशीच्या दशकात साप्ताहिक. इंग्रजी अंकांचा क्रमांक ८०५ पर्यंत गेला; मात्र छापखान्यातल्या संपामुळे १२३ आणि १२४ हे दोन अंक निघालेच नाहीत, म्हणून जाणकार एकूण संख्या ८०३ धरतात.

कथा बहुतेक अमेरिकी वृत्तपत्रांतल्या. ली फॉक या लेखकाने १९३४ साली मॅन्ड्रेक आणि १९३६ साली वेताळ जन्माला घातला. वृत्तपत्रात रोज तीन-चार चौकटी छापून येत आणि एक कथा महिनोन्महिने चाले. त्या पट्ट्या कापून, जुळवून, काही चौकटी गाळून इकडे तिचे तीसएक पानांचे पुस्तक होई. त्यामुळे एका चौकटीत नदीत पडलेला माणूस पुढच्या चौकटीत कोरड्या कपड्यांनी उभा, असे प्रकार घडत. "हा वाळला कधी?" असे बहीण विचारी. "ऊन होतं," असे मी सांगे. व्हऱ्हाडातल्या मुलीला ते उत्तर पटण्यासारखे होते. नावांतही बदल केले जात. मूळ कथेतला 'बेंगाली' हा प्रदेश भारतीय वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून 'डेंकाली' झाला, आणि 'सिंघ' नावाचे समुद्री चाचे 'सिंगा' झाले. मेळघाट ओलांडला की डेंकालीचे जंगल लागते, अशी माझ्या एका वर्गमित्राची पक्की समजूत होती.

वेताळाची कथा मुळात न संपण्याचीच कथा आहे. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून एकटा वाचलेला एक तरुण किनाऱ्याला लागतो, आणि आपल्या बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो की मी आणि माझ्यामागे माझे वंशज अन्यायाशी लढत राहू. बाप मरतो तेव्हा मुलगा तोच पोशाख चढवतो आणि तीच कवटीची अंगठी बोटात घालतो. बाहेरच्या जगाला वाटते की चारशे वर्षे एकच माणूस जिवंत आहे. आपण वाचतो तो एकविसावा. हे गुपित जंगलात फक्त बुटक्या बांडार लोकांना ठाऊक होते, आणि धामणगाव स्टेशनावर आम्हां भावंडांना.

कवटीच्या गुहेत एक दालन आहे. तिथे जाडजूड वह्यांच्या रांगा लावलेल्या असतात, आणि प्रत्येक वेताळाने आपली हकीकत त्यांत स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेली असते. एकविसावा वेताळ निवांत वेळी पूर्वजांच्या वह्या उघडतो आणि त्यांतून एखादी जुनी कथा सुरू होते. या वह्यांवरून लहानपणी मला एक प्रश्न पडला होता. ज्या लढाईत वेताळ मारला जातो, तिची हकीकत तो स्वतः कशी लिहील? प्रत्येक वहीतले शेवटचे पान कोण लिहितो? बाबा ड्यूटीवरून येऊन मोरीत पाय धूत होते, तेव्हा मी त्यांना हे विचारले. त्यांनी तांब्या खाली न ठेवताच उत्तर दिले, "पोरगं लिहीत असन. नाही तं कोन लिहीन?"

बाबांच्या उत्तराचा प्रत्यय मला पुढे धर्मग्रामाच्या कचेरीत आला. आमच्याकडे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या असतात. एका जुन्या दफनाच्या वहीत एका फादरांचे सुबक, उजवीकडे झुकलेले अक्षर वर्षानुवर्षे सलग चालते, आणि मग एका पानावर अगदी निराळ्या, घाईच्या अक्षरात त्यांचेच नाव येते. त्यानंतर ते घाईचे अक्षर चालू राहते. लोकांच्या लेखी मात्र फादर म्हणजे फादर. मंगळवारी जुने गेले, शनिवारी नवे आले आणि रविवारी घंटा वेळेवर वाजली. वेताळाचा पोशाख जांभळा. आगमनकाळात आणि उपवासकाळात आमचाही जांभळाच असतो. त्या वहीतली माझी नोंद माझ्या अक्षरात असणार नाही, याचे मला आता वाईट वाटत नाही. फक्त येणाऱ्या फादरांचे अक्षर वाचता येण्याजोगे असावे एवढी इच्छा आहे.

१९८५ साली दहावी होऊन मी सेमिनरीत गेलो. अंक बरोबर नेण्याचा प्रश्नच नव्हता. ते एका पत्र्याच्या पेटीत क्रमवार लावून मी बहिणीच्या स्वाधीन केले. "नवे आले की यात ठेवत जा," एवढे सांगितले. सुटीत घरी येई तेव्हा पेटीत भर पडलेली असे. १९९० च्या नाताळानंतर आलो तेव्हा फारशी भर पडलेली नव्हती. स्टॉलवर गेलो तर दोरीवर दुसरीच पुस्तके टांगलेली. काका म्हणाले, "थे पुस्तक आता येत नाही. कंपनीनंच बंद केलं म्हनते." मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि माझ्या डोक्यात संत थॉमस अक्विनास होते. मी एक दैनिक विकत घेतले आणि घरी आलो.

अंक बंद का पडला याचे उत्तर देताना लोक दूरदर्शनकडे बोट दाखवतात, आणि ते अगदीच खोटे नसावे. १९८७ साली 'रामायण' सुरू झाले, त्यापाठोपाठ 'महाभारत' आले, आणि रविवारी सकाळी धामणगावच्या बाजारपेठेत कुत्रेही दिसेनासे झाले. मुलांच्या हाती दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सची पुस्तके आली. पुढे वेताळही त्यांच्याकडेच गेला. अमेरिकेत तर तो कधी थांबलाच नाही. ली फॉक १३ मार्च १९९९ रोजी वारले. शेवटच्या दुखण्यात प्राणवायूचा मुखवटा क्षणभर बाजूला करून ते कथा सांगत आणि दुसरे कोणी ती लिहून घेई, असे सांगतात. त्यांच्यामागे इतर लेखकांनी काम हाती घेतले आणि वेताळाची पट्टी पुढे चालू राहिली. बाबांचे उत्तर तिथेही खरे ठरले.

आमच्या घरात आणखी एक वेताळ होता. तो 'चांदोबा'त राहत असे. मराठी चांदोबा १९५२ साली सुरू झाला. त्यात महिन्याच्या महिन्याला विक्रम राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानाची वाट चालू लागे, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगून कूट प्रश्न विचारी, राजा उत्तर देऊन मौन मोडी आणि प्रेत पुन्हा झाडाला जाऊन लटके. मूळ वेतालपंचविशीत पंचवीस कथा आहेत आणि तिला नीट शेवट आहे. शेवटच्या प्रश्नाला राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि वेताळ प्रसन्न होऊन त्याला कपटी साधूचा डाव सांगतो. चांदोबाने मात्र पंचवीस संपल्यावर नव्या कथा रचायला घेतल्या आणि दशकानुदशके रचल्या. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला तो राजा ज्यांनी चितारला, ते के. सी. शिवशंकरन २०२० साली वारले. चांदोबा त्याच्या आधीच, २०१२-१३ च्या सुमारास बंद पडला होता. राजाच्या खांद्यावरचे प्रेत अजून खाली उतरलेले नाही.

तात्पर्य, आमच्या पिढीने लहानपणी जे आवडीने वाचले त्यातले पुष्कळसे संपले नाही, ते थांबले. आता नाताळाकडे येतो.

बहीण लग्नानंतरही धामणगावातच राहिली; मेहुणेही रेल्वेतच आहेत. नाताळाचे दिवस धर्मगुरूला आपल्या लोकांत काढावे लागतात, म्हणून मी २७ डिसेंबरला तिच्याकडे पोहोचलो. घरात अबोला होता. भाचा दहावीत, बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. त्याने गेल्या तीन वर्षांत वाढदिवसाचे, नाताळाचे आणि आजीने हातावर ठेवलेले पैसे साठवून 'डेमन स्लेयर' या जपानी चित्रकथेच्या इंग्रजी अनुवादाचे बावीस खंड जमवले होते. तेविसावा, म्हणजे शेवटचा खंड पार्सलने आला, आणि त्याच दिवशी बहिणीने तो न फोडता लोखंडी कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. उरलेले बावीस खंड तिने माळ्यावर टाकले.

"दादा, पानोपानी राक्षस आणि रक्त आहे," ती मला म्हणाली. "आणि परीक्षा तोंडावर. तूच सांग त्याला, तुझं ऐकेल." भाचा मान खाली घालून बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मामा, तुम्ही आधी वाचा. मग सांगा." ही मागणी न्यायाला धरून होती. मेहुण्यांनी शिडी लावून खंड माळ्यावरून काढले आणि मी तीन रात्री व दोन दुपारी ते वाचले.

जपानी चित्रकथेला तिकडे 'मांगा' म्हणतात. ती उजवीकडून डावीकडे वाचायची असते, म्हणजे आपण ज्याला मलपृष्ठ म्हणू तिथून पुस्तक सुरू होते. इंग्रजी अनुवादातही तीच रीत ठेवलेली असते. भाच्याने पहिल्याच खंडाला हे मला बजावून सांगितले, कारण आपल्या सवयीने पुस्तक उघडले तर शेवटच आधी दिसतो. कथा प्रथम साप्ताहिकात वीसएक पानांच्या प्रकरणांनी येते आणि मग प्रकरणे एकत्र करून दोनशे पानांच्या आसपासचा एक खंड निघतो. कोणती कथा आवडली हे वाचक साप्ताहिकाला कळवत राहतात, आणि जी मागे पडते ती थोड्याच महिन्यांत आवरावी लागते. उलट जी लोकप्रिय होते तिला थांबू देत नाहीत. 'कोचिकामे' नावाची एका पोलीस चौकीवरची विनोदी मालिका १९७६ ते २०१६ अशी चाळीस वर्षे चालली आणि दोनशे खंडांवर संपली. 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे. ओसामु तेझुका हे या कलेचे जपानमधले पितामह. त्यांनी भगवान बुद्धाच्या जीवनावर मोठी मालिका पूर्ण केली, पण ज्या 'फिनिक्स'ला ते आपले जीवनकार्य मानत, ते फेब्रुवारी १९८९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले.

अशा परिस्थितीत 'डेमन स्लेयर'ची कर्ती व्यक्ती मला विशेष वाटली. कोयोहारू गोतोगे हे नाव. चेहरा जगापुढे आलेला नाही, आणि स्वतःचे चित्र काढायचे तर चष्मा लावलेली मगर काढायची असा रिवाज. ही मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि मे २०२० मध्ये, लोकप्रियता शिगेला पोहोचलेली असताना, २०५ व्या प्रकरणाला संपली. ४ डिसेंबर २०२० रोजी तेविसावा खंड जपानात निघाला तेव्हा पहिलीच छपाई ३९ लाख ५० हजार प्रतींची होती, आणि प्रकाशकांनी त्या दिवशी पाच राष्ट्रीय वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. शेवटचा खंड येत आहे हे सगळ्या देशाला आधी माहीत होते. लोक पहाटेपासून दुकानांपुढे रांगा लावून उभे राहिले.

कथेविषयी माझे मत बहिणीला सांगितले तेच इथे सांगतो. तान्जिरो हा डोंगरात राहून कोळसा विकणारा मुलगा. एके रात्री राक्षस त्याच्या घरच्यांना मारतो. एक बहीण वाचते, पण तीही राक्षस होते. तिला पुन्हा माणूस करण्यासाठी भाऊ तिला लाकडी पेटीत घालून पाठीवर वाहतो आणि राक्षसांशी लढत फिरतो. रक्त आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. लहान मुलांच्या हाती मी हे खंड देणार नाही. शेवटची लढाई तर इतके खंड चालते की मी वाचता वाचता दोनदा पेंगलो. परंतु राक्षस मरताना त्याला आपले माणूसपण आठवते, आणि हा मुलगा ज्याला आत्ताच मारले त्याचा हात हातात घेतो. पंधरा वर्षांच्या मुलाने हे वाचावे की वाचू नये, असे मला एखाद्या धर्मशिक्षकाने विचारले असते, तर मी वाचावे म्हणालो असतो.

तिसऱ्या रात्री बहीण दूध घेऊन आली तेव्हा बाविसावा खंड माझ्या मांडीवर मिटलेला होता. मी म्हणालो, "आता किल्ली मलाही हवी आहे." ती हसली नाही. खाटेच्या कडेला बसली आणि बाविसाव्या खंडाचे मुखपृष्ठ पाहत राहिली.

"इंद्रजाल बंद झालं तेव्हा मी दहावीत होते," ती म्हणाली.

मग तिने जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. १९९० च्या पावसाळ्यात ती दर आठवड्याला शाळा सुटल्यावर स्टॉलवर जाई, कारण नवे अंक पेटीत ठेवायला मी तिला सांगितले होते. काकांनाही काही कळवण्यात आलेले नव्हते. ते म्हणत, "पुढच्या हप्त्यात येईन." तीन-चार हप्त्यांनंतर ते लांबूनच मान हलवू लागले. तरी ती जात राहिली. गठ्ठा चुकून दुसऱ्या स्टेशनावर उतरत असेल असे तिला वाटले, म्हणून एका शनिवारी बाबांच्या मागे लागून ती पॅसेंजरने चांदूर रेल्वेला जाऊन तिथला स्टॉल पाहून आली. तिथेही अंक नव्हता. दिवाळीपर्यंत ती जात होती. मला पत्रात तिने हे कधी लिहिले नाही, कारण सेमिनरीत पत्रे आधी दुसरे कोणी वाचतात अशी तिची समजूत होती.

"येणार नाही म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं," ती म्हणाली. "मी काही रडले नसते. पण रोज शाळेत बसून तेच डोक्यात. भूमितीचं प्रमेय चालू आहे आणि मी मनात हिशेब करतेय, की नागपूरकडून येत असेल तर?"

मी दूध प्यायलो. राक्षसांविषयी आम्ही आणखी काही बोललो नाही. जाताना ती दारात थांबून म्हणाली, "त्या पेटीतल्या बहिणीचं पुढे काय होतं?" मी म्हणालो, ते तेविसाव्यात आहे.

सकाळी न्याहारी झाल्यावर तिने कपाट उघडले आणि स्वयंपाकघरातल्या सुरीने पार्सलची चिकटपट्टी कापली. भाचा दारात उभा होता, पुढे यायला धजत नव्हता. "सराव परीक्षा बुडाली तर बघ," असे त्याला म्हणून झाल्यावर तिने पुस्तक त्याला दिले नाही. "आधी मी बघते," असे म्हणून ती उंबऱ्यावर उन्हात बसली आणि आपल्या सवयीने पुस्तक डावीकडून उघडू लागली.

"आई, तिकडून नाही! तिकडून शेवट आहे!"

शेवट काय आहे ते मी इथे सांगणार नाही. ज्यांच्या घरी हे खंड असतील त्यांची मुले मला क्षमा करणार नाहीत. शेवटचे प्रकरण पतवंडांच्या काळापर्यंत जाते, आणि ते वाचताना मला कवटीच्या गुहेतल्या वह्या आठवल्या, एवढेच लिहितो. मी तो खंड दुपारच्या गाडीआधी कसाबसा वाचून काढला, पण माझा क्रमांक तिसरा होता. त्याआधी सकाळभर बहीण उंबऱ्यावर बसून होती आणि भाचा तिच्या शेजारी. कोणती चौकट आधी आणि कोणती नंतर हे तिला उमगत नव्हते, म्हणून तो चित्रांवर बोट ठेवून तिला दाखवत होता.